काहिलीखालचा कान

नाथाजीनं चौदा हंगाम गूळ केला. पण गूळ होताना एकदाही पाहिला नाही.

तो जळव्या होता. गुऱ्हाळावर काहील, म्हणजे रसाची भली मोठी कढई, असते वर आणि जाळ असतो खाली. वर गुळव्या उभा राहतो. उकळत्या रसाचा रंग बघतो, मळी काढतो, चुना टाकतो, भेंडीचं चिकट पाणी सोडतो. येणारा-जाणारा त्याच्याकडे बघतो. जळव्या मागच्या अंगाला, पुरुषभर खोल खड्ड्यात बसतो. समोर चुलवाणाचं तोंड. हाताशी चिपाडांचा ढीग. रस पिळून झालेल्या उसाची ती चिपाडं उन्हात वाळवायची आणि त्यांच्यावरच पुढचा रस उकळायचा. जळव्याला बघायचं तर खड्ड्याच्या काठावर यावं लागतं. तिथं धग लागते. म्हणून कुणी येत नाही.

नाथाजी विट्याकडचा. गाव कोरडं. माळावर बाजरी आणि मटकी, तीही पावसाच्या मर्जीवर. त्या बाजूची माणसं सोनं गाळायला देशभर जातात. नाथाजीलाही सोळाव्या वर्षी मामानं कानपूरला नेलं होतं. अंधारी खोली, कोळशाची भट्टी आणि भाता. मामा म्हणायचा, "डोळं मीट. डोळा फसवतो. मुशीतलं सोनं काय म्हनतंय ते ऐक." नाथाजी दोन वर्षं डोळे मिटून ऐकत बसला. मग एके दिवशी वळकटी बांधून गावी आला. का आलास, असं सगळ्यांनी विचारलं. तो म्हणाला, "तितं आभाळच न्हाई."

त्यानंतर त्याचं लग्न झालं. बायको रहिमतपूरकडची, राहीबाई. तिच्या माहेरी पाणी होतं. सासरी ते नव्हतं. पहिल्याच वर्षी तिनं विचारलं, "हितं खायाचं काय?" नाथाजीनं दक्षिणेकडं बोट केलं. तिकडं कृष्णाकाठ होता. तिथं ऊस होता.

दिवाळी झाली की नवरा-बायको कृष्णाकाठी उतरत आणि शिमगा झाला की माळावर परत चढत. ऊस त्यांचा नव्हता. पण उसाला जितके मालक असतात त्याच्या दसपट माणसं त्याच्यावर जगतात. कुणी तोडतो, कुणी मोळ्या वाहतो, कुणी चरकात कांडी सारतो, कुणी बैल हाकतो. बायका चिपाडं वाळवतात. शेंड्याचं वाडं गुरं खातात. त्यात नाथाजीचा वाटा आगीचा होता. हंगाम संपला की पाठीवर जोंधळ्याचं पोतं आणि डोक्यावर गुळाची ढेप घेऊन तो घरी जायचा. पावसाळा त्यावर निघायचा.

आष्ट्याजवळच्या वर्धमान आण्णांच्या गुऱ्हाळावर तो टिकला, त्याला एक कारण होतं. आण्णा जैन. चिपाडाच्या पेंढीत मुंग्या असतात, किडे असतात. ते आगीत जाऊ नयेत म्हणून प्रत्येक पेंढी झटकून मगच आत टाकायची, असा त्या गुऱ्हाळाचा नेम होता. आधीचे जळवे वैतागून पळाले. "मुंग्या राखायच्या का जाळ राखायचा?" असं म्हणत गेले. नाथाजी आला तो राहीबाईला घेऊन. ती काठावर बसून पेंढी झटके, तो आत सारी.

झटकायला वेळ लागे. तेवढ्या वेळात जाळ मंदावे. आणि जाळ मंदावला की वरचा रस वेगळं बोलू लागे.

हे पहिल्याच हंगामात नाथाजीच्या ध्यानात आलं. त्याला दिसायची फक्त आग. पण काहिलीचा पत्रा त्याच्या डोक्यावर हातभर होता आणि चुलवाणाची मातीची भिंत कानाशी. रस तापू लागला की मोहोळासारखा घूं करायचा. मग खदखद. पाणी आटलं की रटरट. आणि अगदी शेवटी, गूळ व्हायच्या टोकाला, कुणी चिखलातून सावकाश चालत जावं तसा आवाज यायचा. थप्. थांबून पुन्हा थप्.

त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. विचारलंच कुणी नव्हतं.

वर नानासो होता. तीस वर्षांचा गुळव्या. पंचक्रोशीत त्याच्यासारखा हात नव्हता, आणि तो स्वतःच हे आधी सांगायचा. दुसरे गुळवे रस तयार झाला का हे बघायला गोळी घेतात. बोटं गार पाण्यात बुडवून चटकन उकळता रस उचलायचा, पाण्यात टाकायचा, गोळी वळते का बघायची. नानासो गोळी घेत नसे. "गोळी शिकाऊनं घ्यावी. मला रंग सांगतो," म्हणायचा. आणि रंग त्याला खरंच सांगायचा. हातातल्या लोखंडी झाऱ्यानं तो काहिलीच्या काठावर ठोके देई. दोन ठोके म्हणजे जाळ घाल. तीन ठोके म्हणजे जाळ ओढ. तिसरी खूण नव्हती. त्याच्या बापाच्या वेळीही नव्हती. कधी लागलीच नव्हती.

मग शेहेचाळीस साल आलं. लढाई संपली होती. पोरं पलटणीतून घरी येत होती. आणि वर्धमान आण्णांनी चार एकरांत नवा ऊस लावला होता.

जुना ऊस पुंड्या. जाड, मऊ, रसानं टम्म. दात नसलेला म्हातारासुद्धा तो खायचा. नव्या उसाला नाव नव्हतं, आकडा होता. चारशे एकोणीस. सरकारी शेतावरून त्याचं बेणं आलं होतं. उंच वाढला, वाऱ्यात पडला नाही, आणि एकराला पुंड्याच्या दीडपट भरला. बघायला गावोगावची माणसं आली. आण्णा बांधावर उभे राहून सगळ्यांना कांडी देत होते.

चरकात कांडी सारायला मानसिंग होता. इटलीतून परत आलेला शिपाई. एक पाय ओढत चालायचा, पण तोंड दोन्ही पायांनी पळायचं. पहिली मोळी सोडली तसा तो म्हणाला, "आरं, ह्यो ऊस हाय का बांबू? इटलीत असता तर ह्याच्यावर तंबू ठोकला असता गड्या."

रसाचं पहिलं आधण लागलं. नानासोनं रंग बघितला, तीन ठोके दिले. नाथाजीनं जाळ ओढला. गड्यांनी काहील उतरवून रस गार करायच्या वाफ्यात ओतला, घोटला, बादल्यांत भरला. आण्णा दिवस मावळायच्या आत जेवणारे. जेवायला जाण्याआधी फडकं सोडून बघायला आले. ढेप उभी राहीना. पायापाशी ओघळून आली.

"पहिला रस हाय," नानासो म्हणाला. "काहील नवी घासलीया."

दुसऱ्या दिवशी त्यानं रस जास्त वेळ ठेवला. करपला. काळा, कडू, कुत्र्यानंही तोंड लावलं नाही. तिसरं आधण त्यानं भीतीनं लवकर उतरवलं. त्याची झाली काकवी. चांगली काकवी झाली. पण चार एकर उसाची काकवी करून कोण खाणार?

आण्णा काहिलीपाशी उभे राहिले. ते कधी ओरडत नसत. तेव्हाही ओरडले नाहीत.

"उद्या एक आधण लावायचं," ते म्हणाले. "ते बी फसलं तर चरक बंद. ऊस जनावरास्नी घालतो, उरंल तो तोडून टाकतो. रानात हळद करीन. तुमी समदी आपापल्या वाटंला लागा."

 बैल तेवढे कान हलवत होते.

नाथाजी खड्ड्यात होता. त्याला सगळं ऐकू आलं. आपापल्या वाटेला लागा, म्हणजे माळावर परत चढा. मार्गशीर्षातच. रिकाम्या पाठीनं. दुसऱ्या गुऱ्हाळांचे खड्डे आता भरलेले होते. प्रत्येकात एकेक जळव्या बसलेला होता. आणि गावाकडची बाजरी त्या वर्षी खुरपणीच्या वेळीच वाळून गेली होती.

तो खड्ड्यातनं बोलला.

"आण्णा, वाईच बोलू का?"

सगळ्यांच्या माना खड्ड्याकडं वळल्या.

"बोल बाबा," नानासो म्हणाला. "आता चुलवाणाला बी वाचा फुटली."

"रस कच्चा उतरतोय," नाथाजी म्हणाला. "जास्ती ठेवला तर करपतोय. कारन आपला जाळ येक तर भर, न्हाई तर न्हाईच. ह्या उसाला दम पायजे. रटरटाय लागला की जाळ निम्मा करायचा. आन मग लय येळ तसाच ठेवायचा."

"तुला कवा रं दिसला रस?"

"दिसला न्हाई. ऐकला."

गडी हसले. मानसिंग सगळ्यांत मोठ्यानं हसला. "वायरलेस! आण्णा, आपल्या खड्ड्यात वायरलेस हाय!"

"काय ऐकलंस?" आण्णांनी विचारलं. ते हसले नव्हते.

"पुंड्याला आन ह्याला बोली येगळी हाय, आण्णा. पुंड्या रटरटला की लगीच शेवटाचं पाऊल वाजतं. ह्यो लय येळ रटरटतो. म्होरं शेवटाला पाऊल वाजतं. तिनी बारी त्ये वाजायच्या आधी तरी उतरवला, न्हाई तर जाळानं त्ये वाजूच दिलं न्हाई."

नानासो लाल झाला. "तीस वर्सं मी वर उबा हाय नाथ्या."

"व्हय नाना. म्हनूनच ऐकू येत न्हाई."

हे तो टोचून बोलला नव्हता. जसं होतं तसं सांगितलं होतं. पण ऐकणाऱ्यांना टोचल्यासारखंच वाटलं. कुणीतरी "आई गं" म्हणालं.

आण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "उद्याचं आधण नाथाजीचं," ते म्हणाले. "त्यो वर ऱ्हाईल. नानासो, तुमी बाजूला बसा."

"बसतो की," नानासो म्हणाला. "घोंगडं टाकून बसतो. बगतो गंमत."

जळव्यानं काहिलीवर चढायचं, हे कृष्णाकाठी कुणी ऐकलं नव्हतं.

दिवेलागणीला राहीबाईनं भाकरी थापता थापता तोंड सोडलं.

"आवं, याड लागलं का तुमास्नी? उद्याच्याला फसलं तर नाना काय समद्या काठाला सांगंल. परत कुनी खड्ड्यात सुदिक बसू देनार न्हाई."

"फसनार न्हाई."

"कशावरनं?"

"मला म्हाईत हाय."

"आन जाळ कोन घालनार?"

"तू."

तिच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. "मी?"

"चौदा वर्सं झटकतीस की चिपाडं. नुसतं आत टाकायचं तेवडं ऱ्हायलंय."

राहीबाईनं त्याच्याकडं बघितलं. हा माणूस कधी जास्त बोलत नसे आणि बोललेलं परत घेत नसे. तिनं भाकरी सरळ केली. "मग झटकायला कुनाला तरी बसवा," ती म्हणाली. "मला दोन्ही व्हायचं न्हाई."

सकाळी नाथाजीनं पाय धुतले. काहिलीवर चढण्याआधी गुळव्या पाय धुतो. त्यानंही धुतले. काठाला हात लावून कपाळाला लावला आणि वर चढला.

चौदा हंगामांत पहिल्यांदा त्यानं रस पाहिला.

सगळी काहील हिरवट-करडी. मग बघता बघता तिच्यावर मळीची साय आली. साय फुटली आणि खालून पिवळा फेस उसळला. वाफेचा लोट तोंडावर आला. गोड, ओला, गरम. त्याला वाटलं, हे आपल्या डोक्यावर रोज चालायचं. आणि आपण खाली राखेत बसून ते ऐकत होतो. त्याला हसू आलं.

मग त्यानं कान दिला. काहीच ऐकू येईना.

चरक करकरत होता. बैलांच्या गळ्यातले चाळ वाजत होते. मानसिंग बैलांना हिंदीत शिव्या देत होता. वाफ फुसफुसत होती. या सगळ्याच्या खाली रसाचा आवाज कुठंतरी बुडाला होता. नाथाजीला सगळं दिसत होतं. कळत मात्र काहीच नव्हतं. पिवळा म्हणजे किती पिवळा? फेस हा असाच असतो का? त्यानं झारा घेतला आणि मळी ओढायला गेला. मळी रसातच फिरली.

घोंगड्यावर बसलेल्या नानासोनं डोळे मिटून घेतले. मग उघडले. मळी पुन्हा फिरली. नानासोची मांडी हलली.

"आरं कडंनं," तो म्हणाला. "मधी कशाला घुसतोयस? कडंनं घे."

नाथाजीनं कडेनं घेतली. तीही अर्धी सांडली.

"आरं देवा." नानासो उठलाच. गंमत बघायला बसलेला माणूस. पण रसाचे हाल त्याला बघवेनात. तो काठावर आला, झारा हिसकला आणि एका हेलकाव्यात मळीची अख्खी साय बाहेर काढली. "अशी काडतात."

"लय ब्येस," नाथाजी म्हणाला. "धरा मग तुमीच. मी खाली जातो."

"का रं? भ्यालास?"

"व्हय. हितं मला काय बी ऐकू येत न्हाई."

आणि तो उतरला. गडी पुन्हा हसले. मानसिंगनं तोंडानं बिगुल वाजवला. "रिट्रीट! समदी पलटन माघारी!"

आण्णांच्या कपाळाला आठी पडली. "नाथाजी, आधण तुजं हुतं."

"हाय की आण्णा. माजंच हाय. मी खालनं करतो."

"आन मी?" नानासो वरून ओरडला. "तू खालनं सांगनार आन मी हितं नाचनार?"

"नाचू नगा नाना. नुसती मळी काडा. तुमच्यावानी मला ती जमत न्हाई."

हे खरं होतं.  नानासो झारा घेऊन उभा राहिला.

खड्ड्यात राहीबाईचं तोंड तांब्यासारखं झालं होतं. पदर कमरेला खोचलेला. काठावर एक पोर पेंढ्या झटकत होतं आणि ती एका लयीत त्या आत सारत होती. नवऱ्याला बघून ती म्हणाली, "झालं वर जाऊन?"

"झालं. बगितला."

"कसा हाय?"

"चांगला हाय दिसायला."

तो भिंतीशी टेकला. कान मातीला लावला. डोळे मिटले. खदखद चालली होती. बरोबर होती. वर काहीही असो, इथं सगळं जागेवर होतं. त्यानं उजवा हात वर धरला, पंजा उघडा. राहीबाई त्या हाताकडं बघत चिपाडं टाकू लागली.

बराच वेळ गेला. खदखद जड झाली. मग पहिली रटरट आली. नाथाजीनं पंजा अर्धा मिटला. राहीबाईनं पेंढी अर्धी मोडली. इतकी वर्षं त्या गुऱ्हाळाला जी खूण नव्हती ती तिथं झाली. दोघांत. न बोलता.

जाळ उतरला. रटरट थांबली नाही, पण सावकाश झाली. नाथाजी ऐकत राहिला.

वर ठोके पडले. एक, दोन, तीन. जाळ ओढ.

नाथाजी हलला नाही.

पुन्हा तीन. आता जोरात. चरक थांबला. बैल थांबले. त्या गुऱ्हाळावर तीन ठोके पडले आणि जाळ ओढला गेला नाही, असं कधी झालंच नव्हतं.

"नाथ्या! भैरा झालास का रं? रंग आलाय!"

"ऐकलं नाना. आजून न्हाई."

"करपंल!"

"न्हाई करपत. जाळ निम्मा हाय."

"हुकूम मोडला," मानसिंग हळूच म्हणाला. त्यालाही हसायचं सुचलं नाही.

नानासोच्या मागं चार गडी वासे घेऊन उभे होते. त्यानं नुसती मान हलवली असती तर त्यांनी काहील उतरवली असती. आण्णा त्याच्याकडं बघत होते. खड्ड्यातनं आवाज आला. शांत, जसा तो नेहमी यायचा.

"नाना, माजं ऐकू नगा. गोळी घ्या."

नानासोनं तीस वर्षांत गोळी घेतली नव्हती. त्यानं झारा काठावर टेकवला. मग म्हणाला, "पानी आना."

गार पाण्याची पितळी घागर आली. त्यानं बोटं बुडवली, रसात घातली, उचलून पाण्यात सोडली. बाहेर काढून चिमटीत धरली. मऊ. मेणासारखी दबली. रंग सोन्यासारखा आणि गोळी मेणासारखी. पुंड्यात असं कधी झालं नव्हतं. त्यानं गोळी फेकून दिली.  पण ठोके दिले नाहीत.

थोड्या वेळानं दुसरी घेतली. जरा घट्ट, पण वाकली.

खाली नाथाजीच्या कानाला रटरट विरळ झाली होती. मधे मोकळी जागा पडू लागली होती. मग एक पाऊल वाजलं. थप्. त्यानं श्वास धरला. राहीबाईनं हातातली पेंढी तशीच धरली. दुसरं पाऊल. मग तिसरं, सावकाश, चिखलातनं चालल्यासारखं.

वर नानासोनं तिसरी गोळी पाण्यात टाकली होती. ती उचलून त्यानं घागरीच्या काठावर मारली. टण्णकन वाजली. बोलायला त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात खालून हाक आली.

"आता!"

ऐकणाऱ्याला हे रचून सांगितल्यासारखं वाटेल. पण तिथं बारा माणसं होती आणि बाराही जण असंच सांगतात. वरच्यानं खालच्याला काही सांगितलं नव्हतं. खालच्याला वरचं काही दिसत नव्हतं.

"उतरवा!" नानासो गरजला.

वासे घातले, काहील उचलली, रस वाफ्यात गेला. नानासो स्वतः घोटायला उतरला.

नाथाजी खड्ड्यातनं वर आला. वाफ्याकडं त्यानं बघितलंही नाही. तो मांदणीपाशी गेला. जमिनीत पुरलेल्या त्या मोठ्या रांजणात सकाळपासूनचा रस साठला होता. त्यानं बोट बुडवून चाखलं.

"आण्णा, म्होरचं आधण लावूया."

"आदी ह्ये तरी बसू दे की," आण्णा म्हणाले. "सांजंला कळंल."

"बसतंय ते. सांजंपतूर रस आंबंल. मग त्याचा गूळ सोनं गाळनारा माजा मामा बी करू शकनार न्हाई."

"आन न्हाई बसलं तर?"

"बसंल."

एवढंच. ना शपथ, ना देवाचं नाव. त्याच्या मिशीला राख लागलेली होती. आण्णांनी त्याच्याकडं बघितलं, मग मांदणीकडं. एक आधण फसलं तर चरक बंद, असं ते स्वतःच बोलले होते. आणि आधण बसलं की फसलं हे कळायच्या आत हा माणूस दुसरं मागत होता. त्यांनी नानासोकडं बघितलं. नानासोच्या हातात फावडं होतं, अंगावर घाम होता. त्याला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, सांगता येत नाही. पण आण्णांनी विचारलं नाही. नानासो चालत काहिलीपाशी आला. झारा उचलून त्यानं काठावर दोन ठोके दिले. जाळ घाल.

"रस सोडा," आण्णा म्हणाले.

मानसिंगनं बैलांना हाक दिली आणि चरक फिरायला लागला.

दिवस कलता कलता पहिल्या बादलीचं फडकं सोडलं. ढेप उभी राहिली. कडा धारदार, रंग पिकल्या पेरूचा. आण्णांनी अंगठा रोवून बघितला. अंगठाच दुखला. नाथाजीला बोलवायला गडी गेला तेव्हा तो तिसऱ्या आधणाच्या रटरटीला कान लावून पडला होता. त्यानं हातानंच खुणावलं, नंतर येतो.

त्या वर्षी ते गुऱ्हाळ शिमग्याच्या पुढंही आठ दिवस चाललं. चार एकर ऊस गूळ होऊन सांगलीला गेला. बघायला आलेल्यांनी परत जाऊन चारशे एकोणीस लावला. कुणाचं आधण बिघडलं की "त्यो खालचा गुळव्या आना" असा निरोप येई. नाथाजी एकदोन ठिकाणी जाऊन आला. भिंतीला कान लावून बसला आणि सांगून आला. काहिलीवर मात्र तो पुन्हा चढला नाही. आण्णांनी विचारलं होतं. "बगून झालं," असं म्हणाला.

पुढच्या दसऱ्याला माळावरच्या त्या कोरड्या गावात एक म्हातारा चालत आला. विट्यापर्यंत मोटारीनं, पुढं पायी. पायांवर धूळ, हातात काठी. नानासो.

नाथाजी बांधावर होता. राहीबाईनं पाहुण्याला घोंगडं टाकलं, पाणी दिलं.

"आन कोन येऊन गेलं का?" नानासोनं बसायच्या आधी विचारलं.

"दोगं आलतं," राहीबाई म्हणाली. "येक वाळव्याचं गुऱ्हाळवालं, येक नदीपल्याडचं."

"मग? आवतान घेतलं?"

"सांगतो म्हनून सांगितलंया."

नानासो पाणी प्याला. तोंड पुसलं. "न्हाई घ्यायचं. आण्णांनी मला दाडलंय." मग काठी बाजूला ठेवून, "आण्णांनी न्हाई दाडलं. मीच आलोय. त्याच्याबिगर मला आता कोन सांगनार?"

राहीबाई उंबऱ्यावर टेकली. "तसं न्हाई नाना. अवंदा जाळ मी घालनार. त्ये नुसतं ऐकनार. तवा वाटं दोन. जळव्याचा येक, आन ऐकनाऱ्याचा येक. जळव्याचा वाटा बाप्याला जेवडा तेवडाच मला."

नानासोनं तिच्याकडं बघितलं. बाईमाणसाला गड्याचा वाटा, हेही त्या काठावर कुणी ऐकलं नव्हतं.

"आनी मुंग्या?" त्यानं विचारलं. "पेंड्या कोन झटकनार?"

"त्याला तिसरं मानूस. त्ये बी तुमीच बगा."

"आण्णास्नी इचारावं लागंल बाई."

"इचारा की," राहीबाई म्हणाली. "वाळव्याचं परवा परत येनार हायती. तवर च्या ठिवते."